संगणकावर हेडफोनने ऐकण्यासाठी परवडणारा डॅक: आधी आकडेमोड, मग खरेदी

डॅक (डिजिटल टू अॅनालॉग कन्व्हर्टर) घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी चिपचं नाव विचारतात, मग तो किती किलोहर्ट्झपर्यंत चालतो ते बघतात आणि शेवटी बजेट वाढवतात. हा क्रमच उलटा आहे. आधी आपली तक्रार नेमकी काय ते ठरवायचं, मग हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे घेऊन पाच मिनिटं कागदावर आकडेमोड करायची, आणि उत्तर येईल तेवढंच विकत घ्यायचं. असं केलं तर पुष्कळांचं काम हजार रुपयांच्या आसपास भागतं. काहींना तर काहीच घ्यावं लागत नाही.

डॅक करतो काय, ते थोडक्यात. गाण्याची फाइल म्हणजे आकड्यांची रांग. त्या आकड्यांपासून हेडफोनला चालवणारा विद्युतदाब तयार करण्याचं काम डॅकचं. तुमच्या लॅपटॉपमध्ये, मोबाइलमध्ये, टीव्हीत तो आधीपासून असतोच. बाहेरून घेतलेला डॅक फक्त आतल्याची जागा घेतो. ब्लूटूथ हेडफोन आणि थेट यूएसबीला लागणारे हेडसेट यांच्या पोटात स्वतःचा डॅक असतो, त्यामुळे ते वापरत असाल तर बाहेरच्या डॅकचा काडीचाही उपयोग नाही. हा लेख ३.५ मिलिमीटरच्या किंवा तशा पिनवाल्या हेडफोन-इअरफोनसाठी आहे.

आणखी एक गोष्ट. बाजारात आपण ज्याला डॅक म्हणतो त्या डबीत खरं तर दोन यंत्रं असतात: एक आकड्यांचा विद्युतदाब करणारं, दुसरं त्या दाबाला हेडफोन ढकलण्याइतकी ताकद देणारं, म्हणजे अँप. पहिलं काम आज इतकं स्वस्त झालंय की त्यात फारसा फरक उरलेला नाही. पैसे मोजायचे ते दुसऱ्यासाठी, आणि तेही गरज असेल तर.

पायरी १: तक्रार पकडा

‘आवाज चांगला हवा’ ही तक्रार नव्हे. तक्रार सहसा चारांपैकी एक असते: मागे खरखर किंवा चिरचिर येते, आवाज पुरेसा मोठा होत नाही, संगणकाला जॅकच नाही किंवा तो सैल झालाय, किंवा सगळं ठीक आहे पण ऐकायला मजा येत नाही.

खरखर तपासायची रीत अशी. हेडफोन घाला, गाणं सुरू करून थांबवा, आवाज नेहमीच्या पातळीला ठेवा. आता ब्राउझरमध्ये एखादं लांबलचक पान भराभर वरखाली करा, पेन ड्राइव्हवर एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा, माउस गोल फिरवा. या हालचालींच्या तालावर कानात बारीक चिरचिर उमटत असेल, तर संगणकाच्या आतल्या सर्किटचा गोंगाट जॅकपर्यंत पोचतोय. बाहेरचा डॅक यावर जवळपास हमखास इलाज आहे, कारण नाजूक अॅनालॉग भाग त्या गोंगाटापासून दूर जातो.

डेस्कटॉप असेल तर त्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावलाय का? तो जॅक मदरबोर्डला एका बारीक वायरीने जोडलेला असतो, आणि ती वायर ग्राफिक्स कार्ड आणि पंख्यांच्या शेजारून सगळा गोंगाट ओढत येते. मागचा हिरवा जॅक थेट मदरबोर्डवर असतो. पिन मागे लावली की चिरचिर गेली, असं अनेकदा होतं. एक्स्टेंशनची वायर आणली की काम झालं.

लॅपटॉपवाल्यांनी चार्जर काढून बघायचं. बॅटरीवर आवाज स्वच्छ आणि चार्जर लावला की घूंऽऽ अशी गुणगुण, किंवा लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात ठेवला की गुणगुण बदलते, तर संशयाची सुई चार्जर आणि घरातल्या अर्थिंगकडे. आपल्याकडे जुन्या इमारतींत, वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वर आपण तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये कोंबतो. अशा ठिकाणी यूएसबीवरचा डॅक गुणगुण कमी करेलच याची खात्री नाही, कारण त्याची वीज त्याच लॅपटॉपकडून येते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. ते गाण्यासाठी नाही केलं तरी जिवासाठी करायला हवं.

आता चौथी तक्रार, ‘मजा येत नाही’. इथे मी डॅक घेऊच नका असं सांगेन. हेडफोनचा स्वभाव (खर्ज किती, तार स्वर किती टोचतात, गळा पुढे की मागे) हेडफोनच ठरवतो. दोन नीट बनवलेल्या डॅकमधला फरक त्यापुढे अगदीच किरकोळ. विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि ऑटोईक्यू या मोफत प्रकल्पात हजारो हेडफोनांसाठी तयार सेटिंग मिळतात. आपल्या मॉडेलचं सेटिंग भरा, सोबत दिलेलं प्रीअँपचं ऋण मूल्य, म्हणजे सगळा आवाज थोडा खाली आणणारा आकडा, विसरू नका (नाहीतर मोठ्या आवाजाला फाटेल), आणि आठवडाभर तसंच ऐका. त्याने समाधान झालं नाही तर पैसे नव्या हेडफोनसाठी साठवा.

मॅकवाल्यांसाठी एक खास सूचना. २०२१ पासूनचे १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रो आणि २०२२ पासूनचे मॅकबुक एअर यांच्या जॅकमध्ये अॅपलने चांगलीच ताकद दिली आहे. लावलेला हेडफोन १५० ओहमपेक्षा कमी असेल तर सव्वा व्होल्टपर्यंत आणि १५० ते १००० ओहमचा असेल तर ३ व्होल्टपर्यंत दाब मिळतो. हेडफोन कोणता ते यंत्र स्वतःच ओळखतं. हे वाचून कळलंच असेल, तुमच्यापैकी बहुतेकांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही.

पायरी २: हेडफोनला किती दाब लागतो ते काढा

खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा. पहिला इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीला किती आवाज निघतो ते, डेसिबलमध्ये. दुसऱ्या आकड्याची एक मेख आहे: काही कंपन्या तो १ मिलिवॅटला किती आवाज असा देतात, काही १ व्होल्टला किती आवाज असा. दोन्हींची थेट तुलना करता येत नाही. आपल्याला व्होल्टचा आकडा हवा, कारण डॅक दाब देतो.

मिलिवॅटवरून व्होल्टवर यायचं सूत्र असं: १००० ला ओहमने भागा, त्याचा लॉगॅरिदम घ्या, १० ने गुणा आणि सेन्सिटिव्हिटीत मिळवा. लॉगॅरिदमचा कंटाळा असेल तर ही तयार बेरीज:

१६ ओहम: १८ मिळवा
३२ ओहम: १५
६४ ओहम: १२
८० ओहम: ११
१५० ओहम: ८
२५० ओहम: ६
३०० ओहम: ५
६०० ओहम: २

आता लक्ष्य. संगीतातला सर्वांत मोठा ठोका, म्हणजे तबल्याची कडक थाप किंवा ताशाचा तडाखा, कानाशी ११० डेसिबलपर्यंत पोचण्याची सोय असली की घरगुती ऐकण्याला भरपूर झालं. सरासरी आवाज यापेक्षा वीसेक डेसिबल किंवा त्याहूनही खाली असतो. सतत ११० वर ऐकायचं असा याचा अर्थ कुणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मोठ्यांसाठीची मर्यादा आहे.

काही खऱ्या हेडफोनांवर सूत्र चालवू. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स: ३८ ओहम, मिलिवॅटला ९९ डेसिबल. बेरीज सुमारे १४, म्हणजे १ व्होल्टला ११३. कोणताही बरा लॅपटॉप याला पुरून उरतो. सेनहायझर एचडी ५६०एस: १२० ओहम, आणि कंपनी आकडाच १ व्होल्टचा देते, ११०. म्हणजे एक व्होल्ट देणारी डबी पुरे. सेनहायझर एचडी ६५०: ३०० ओहम, १ व्होल्टला १०३. इथे एक व्होल्ट कमी पडेल. दाब दुप्पट केला की ६ डेसिबल वाढतात, म्हणून २ व्होल्टला १०९ होतात आणि काम भागतं. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोचा २५० ओहमचा प्रकार: ९६ मध्ये ६ मिळवून १०२, दोन व्होल्टला १०८, ठीकठाक, पण हळू आवाजात रेकॉर्ड केलेल्या मैफली ऐकणाऱ्याला थोडं जास्त असलेलं बरं.

आणि आता हायफायमॅन एचई४००एसई. फक्त २५ ओहम, मिलिवॅटला ९१ डेसिबल. बेरीज १६, म्हणजे १ व्होल्टला १०७. कागदावर एचडी ६५० पेक्षा सोपा वाटतो. पण विद्युतप्रवाहाकडे बघा. प्रवाह म्हणजे दाब भागिले ओहम. २ व्होल्टला एचडी ६५० ओढतो ७ मिलिअँपिअरच्या आत, आणि हा ओढतो ८०. ‘ओहम जास्त तर अँप हवा, ओहम कमी तर मोबाइललाही चालतो’ हे दुकानात ऐकू येणारं वाक्य इथे साफ आडवं पडतं. प्लॅनर प्रकारच्या (सपाट, पातळ पडदा हलवून वाजणाऱ्या) अशा हेडफोनांना दाबापेक्षा प्रवाह देणारी डबी हवी, आणि ती ओळखण्यासाठी माहितीपत्रकात ‘३२ ओहमला किती मिलिवॅट’ हा आकडा बघायचा. शंभर-दीडशे मिलिवॅट असले की एचई४००एसई सुखात.

तर डॅकच्या पानावर तुम्हाला दोन गोष्टी सापडायला हव्यात: जास्तीत जास्त किती व्होल्ट, आणि ३२ ओहमला किती मिलिवॅट. दोन्ही कुठेच दिलेलं नसेल आणि पानभर फक्त ‘क्रिस्टल क्लिअर साउंड’ असेल, तर ती वस्तू सोडून द्या.

पायरी ३: आउटपुट इम्पिडन्स

हा आकडा बहुतेक खरेदीदार वाचतच नाहीत, आणि कानाला खरोखर कळणारे फरक पुष्कळदा इथूनच येतात.

डॅकच्या बाहेर पडण्याच्या वाटेतही थोडा अडथळा असतो. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा ढोबळ नियम. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा कमी. १६ ओहमच्या इअरफोनला २. कारण असं की खोक्यावर छापलेला ओहमचा आकडा एकाच स्वराचा असतो. प्रत्यक्षात तो स्वराबरोबर वरखाली होतो. समजा, तुमच्याकडे अनेक ड्रायव्हर (आतले चिमुकले स्पीकर) असलेला इअरफोन आहे आणि त्याचा इम्पिडन्स मधल्या स्वरांना ४० ओहम, पण वरच्या स्वरांना ८ ओहम आहे. डॅकचा अडथळा १० ओहम असेल तर मधल्या स्वरांना पाचातले चार हिस्से दाब मिळतो आणि वरच्यांना निम्म्याहूनही कमी. फरक पाच डेसिबलचा. गायिकेचा आवाज पांघरुणातून आल्यासारखा होतो आणि आपण दोष देतो इअरफोनला.

उलट दिशेलाही होतं. एचडी ६५० चा इम्पिडन्स खर्जात, साधारण ८० ते १०० हर्ट्झपाशी, ५०० ओहमच्या आसपास चढतो. शंभर ओहमच्या जुन्या धाटणीच्या अँपला लावला तर तिथे जवळपास एक डेसिबल वाढ मिळते, आणि लोक म्हणतात या अँपमध्ये ऊब आहे. ती आवडली तर जरूर घ्या, पण ऊब कुठून आली ते माहीत असू द्या. प्लॅनर हेडफोनांचा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे त्यांना या भानगडीचा त्रास नाही.

आजच्या चांगल्या डबड्यांमध्ये हा अडथळा एक-दोन ओहमच्या आत असतो. जुन्या मदरबोर्डांच्या जॅकमध्ये मात्र तो कित्येकदा पन्नास-पाऊणशे ओहम असतो. म्हणून ‘डॅक लावला आणि गाणंच बदललं’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. बदल झाला असतो, पण तो चिपच्या जादूने नव्हे.

पायरी ४: कशाकडे दुर्लक्ष करायचं

३८४ किलोहर्ट्झ, ७६८ किलोहर्ट्झ, ३२ बिट, डीएसडी ५१२. खोक्यावर सोनेरी अक्षरांत हेच असतं. सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर आणि सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला तिच्यात बसतो. माणसाचे कान २० किलोहर्ट्झला थांबतात, आणि चाळिशीनंतर त्याच्या बरेच अलीकडे. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ चालवणारा डॅक आयुष्यभर पुरेल. रात्री दोन वाजताही रिक्षांचे आवाज येणाऱ्या खोलीत ९६ डेसिबलचा पल्ला तरी कुठे वापरला जातो?

एमक्यूए या संगीत-फाइलींच्या प्रकाराचा बिल्लाही आता विसरा. तो काढणारी कंपनी २०२३ साली प्रशासकांच्या हाती गेली आणि टायडल या ऑनलाइन गाण्यांच्या सेवेने २०२४ मध्ये त्या फाइल बंद केल्या. जुन्या साठ्यातल्या डबीवर हा बिल्ला दाखवून कुणी जास्त पैसे मागत असेल तर हसून पुढे जा.

चिपचं नाव: ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक, यांपैकी कोणाचीही आधुनिक चिप तुमच्या कानांच्या पुढे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानातल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिप मिळेनाशा झाल्या, आणि अनेक कंपन्यांनी आपल्या गाजलेल्या मॉडेलमध्ये गुपचूप नाही तर उघडपणे दुसऱ्या कंपनीच्या चिप बसवल्या. ती मॉडेल त्यानंतरही मोजमापात उत्तमच निघाली. ‘एकेएम म्हणजे मखमली, ईएसएस म्हणजे टोकदार’ हे ठरवून सांगणाऱ्यांना डोळे बांधून, आवाज समान करून बसवा आणि विचारा.

मोजमापांत सिनॅड नावाचा आकडा दिसेल. गोंगाट आणि विकृती मिळून मूळ संकेताच्या किती खाली आहेत ते तो सांगतो. अमीर मजिदीमेहर यांच्या ऑडिओ सायन्स रिव्ह्यूने तो लोकप्रिय केला. पंचाण्णवच्या पुढे गेला की बस. ११० आणि १२० मधल्या फरकासाठी पैसे मोजणं म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत घड्याळाची टिकटिक ऐकायला जाणं.

पायरी ५: बाजारात उतरा

सगळ्यात खालच्या थराला दीडशे-तीनशे रुपयांची यूएसबी साउंड कार्डं असतात, बाहेर ‘७.१ चॅनल’ लिहिलेली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सहज मिळतात. जॅक तुटलेल्या ऑफिसच्या संगणकावर मीटिंगसाठी ठीक. गाण्यासाठी नको, खरखर बऱ्याचदा लॅपटॉपच्या जॅकपेक्षा जास्त.

त्याच थरातली एक फसगत सांगायलाच हवी. ऑनलाइन ‘डिजिटल टू अॅनालॉग कन्व्हर्टर’ असं शोधलं की पाचसातशे रुपयांची एक काळी धातूची डबी सगळ्यात वर येते. तिला एका बाजूला ऑप्टिकल आणि कोअॅक्शियल अशी दोन भोकं, दुसऱ्या बाजूला लाल-पांढऱ्या आरसीए पिना, आणि सोबत एक यूएसबी वायर. ही डबी टीव्हीचा आवाज जुन्या होम थिएटरला द्यायला असते. तिची यूएसबी वायर फक्त वीज देते. संगणकाला ती साउंड डिव्हाइस म्हणून दिसतच नाही. ऑर्डर करण्याआधी वर्णनात ‘यूएसबी इनपुट’ असे शब्द आहेत का ते बघा, ‘यूएसबी पॉवर’ नव्हे.

दुसरी फसगत मोबाइलच्या टाइप-सी ते ३.५ मिलिमीटर जोडणीची. काही जोडण्यांच्या आत डॅक नसतोच. त्या फोनच्या आतल्या डॅकचा आवाज नुसता बाहेर काढतात. संगणकाला लावल्या तर निःशब्द. ‘आत डॅक आहे’ असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.

या थराच्या वर, हजार रुपयांच्या आसपास, माझी पहिली शिफारस: अॅपलचा टाइप-सी ते ३.५ मिलिमीटर अॅडॉप्टर. दिसायला चार्जरच्या तुटक्या वायरीसारखा, पण एक व्होल्ट देतो, आउटपुट इम्पिडन्स एक ओहमच्या आसपास, आणि सिनॅड शंभराच्या जवळ. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे ड्रायव्हरशिवाय चालतो. पायरी २ मध्ये तुमचं उत्तर १ व्होल्ट किंवा कमी आलं असेल, तर शोध इथेच संपला. दोन सूचना: अँड्रॉइड फोनवर तो पुष्कळदा फारच हळू वाजतो, तेव्हा फोनसाठीही हाच वापरू हा विचार करू नका. आणि युरोपात विकला जाणारा प्रकार निम्म्याच दाबाचा असतो, त्यामुळे जर्मनीहून येणाऱ्या भाच्याला हे आणायला सांगू नये.

उत्तर २ व्होल्ट आलं असेल, किंवा प्लॅनर हेडफोन असेल, तर साधारण तीन ते सहा हजारांतले डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टला लटकणारे छोटे डॅक. मूनड्रॉप डॉन प्रो हे एक उदाहरण: ३.५ मिलिमीटरच्या जॅकला २ व्होल्ट, ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकला ४ व्होल्ट. फिओ, टेम्पोटेक, हिडिझ यांचेही या टप्प्यात पुष्कळ पर्याय आहेत. पायरी २ आणि ३ चे आकडे लावून निवडा. बॅलन्स्ड जॅकचा फायदा म्हणजे जास्त दाब, एवढाच. त्यासाठी हेडफोनची वायर सुटी होणारी हवी आणि ४.४ ची वेगळी वायर घ्यावी लागते. ३.५ वर तुमचा आवाज निम्म्या पातळीलाच पुरत असेल तर ती वायर घेऊन काही साधत नाही.

आठ-दहा हजारांच्या पुढे टेबलावर ठेवायच्या डबड्या सुरू होतात: फिओ के११, टॉपिंगची डीएक्स मालिका, आयफायचा झेन डॅक. इथे पैसे आवाजाच्या दर्जापेक्षा सोयीसाठी जातात. हाताशी मोठं गोल बटण, ६.३५ मिलिमीटरचा जाड जॅक, मागून स्पीकरला जोडायची सोय. दिवसाचे आठ तास टेबलाशी बसणाऱ्याला ते बटण खरंच सुख देतं, आणि या किमतीला माझी ना नाही. फक्त ‘आवाज सुधारला’ असं स्वतःला पटवू नका. आणि स्पीकर जोडणार असाल तर हे लक्षात ठेवा: डॅक संगणकाच्या अर्थिंगला आणि अँप भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटच्या अर्थिंगला, अशी जोडणी झाली की ५० हर्ट्झची गुणगुण दारात उभीच. दोन्ही एकाच बोर्डातून चालवा.

पायरी ६: घेण्याआधीच्या बारीकसारीक चौकश्या

माइक. रोज मीट किंवा झूम असेल आणि हेडफोनच्या वायरीवर माइक असेल, तर डॅक तो चालवतो का ते विचारा. गाण्यासाठीचे पुष्कळ डोंगल पिनेवरची माइकची चौथी कडी वाचतच नाहीत. लॅपटॉपचाच माइक वापरायला हरकत नाही, पण विंडोजमध्ये इनपुट वेगळं निवडून ठेवा, नाहीतर पहिल्याच मीटिंगमध्ये ‘तुमचा आवाज येत नाहीये’ ऐकावं लागेल.

पोर्ट. जुन्या लॅपटॉपला टाइप-सी नसेल तर छोटा अॅडॉप्टर लागतो: संगणकाकडे टाइप-ए नर, डोंगलकडे टाइप-सी मादी. दुकानात याच्या नेमका उलटा, पेन ड्राइव्ह फोनला लावायचा प्रकार हातात देतात. डोंगल सोबत नेऊन तिथेच लावून बघा.

वायर. डोंगलला कायमची चिकटलेली बारीक वायर ही त्याची सगळ्यात कमजोर जागा. सुटी होणारी वायर असलेला घेतला तर वायर खराब झाल्यावर दोन-तीनशेत प्रश्न मिटतो.

पायरी ७: जोडणी

संवेदनशील इअरफोन असेल तर पहिल्यांदा लावताना तो कानात घालू नका. काही डोंगल जोडल्याबरोबर विंडोज आवाज शंभरावर नेऊन ठेवतं. आधी आवाज दहावर आणा, गाणं सुरू करा, मग कानात.

विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या पिढीचा ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे, त्यामुळे सीडी किंवा संशयास्पद वेबसाइटवरून काही उतरवून घ्यायची गरज बहुधा पडत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात साउंड, तिथे नवीन डिव्हाइसवर क्लिक करा. फॉरमॅट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. फक्त सीडीवरून उतरवलेली गाणी ऐकत असाल तर ४४.१. सर्वांत मोठा आकडा निवडून काही मिळत नाही, प्रोसेसरला उगाच काम. त्याच पानावरचं ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. लॅपटॉप कंपनीने टाकलेलं ‘सराउंड’ सॉफ्टवेअर असेल तर तेही. ‘डॅक घेतला तरी आवाज पोकळच’ या तक्रारीमागे पुष्कळदा तेच असतं.

मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप उघडून दर ठरवा. अॅपल म्युझिक गाण्यानुसार तो आपोआप बदलत नाही. लिनक्सवर अॅपलचा अॅडॉप्टर हळू वाजला तर अल्सामिक्सरमध्ये त्याचा स्वतःचा आवाज पूर्ण करा, मग रोजचा आवाज डेस्कटॉपवरून सांभाळा.

आवाज सॉफ्टवेअरने कमी केला तर दर्जा जातो, अशी भीती जुन्या १६ बिटच्या काळातली. २४ बिटच्या साखळीत निर्धास्त कमी करा.

फाइलही तपासा. यूट्यूबवर चढवलेली, कुणीतरी कॅसेटवरून उतरवलेली नाट्यपदं डॅकने स्वच्छ होत नाहीत; कॅसेटची सूंऽऽ आणि एमपी३ची कुरकूर जशीच्या तशी ऐकू येते. बालगंधर्वांच्या ७८ च्या तबकड्यांची खरखर तर त्या तबकडीचीच.

पायरी ८: परत करण्याची मुदत संपण्याआधी

नवी वस्तू आणि जुना जॅक यांची तुलना करताना आवाज समान नसेल तर निकालाला अर्थ नाही. अर्धा-एक डेसिबल मोठं वाजणारं आपल्याला ‘मोठं’ नाही, ‘छान’ वाटतं. ज्याच्याकडे चांगला मल्टिमीटर आहे त्याने ५० हर्ट्झचा सलग स्वर वाजवून, हेडफोन जोडलेला ठेवून, पिनेच्या टोक आणि बुंध्यामधला एसी दाब दोन्हीकडे सारखा करावा. त्या वेळी हेडफोन कानावर नको. दीडदोनशेचा पिवळा मीटर इथे कुचकामी, त्याची एसीची सगळ्यात लहान पट्टी २०० व्होल्टची असते. मिलिव्होल्ट दाखवणारा हवा. मीटर नसेल तर घरातल्या कुणाला तरी जोडणी बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा.

ऐकायला काय घ्यावं? गोंगाट पकडायला तानपुऱ्याची सुरुवात: गायकाने तोंड उघडण्याआधीच्या त्या अर्ध्या मिनिटात जवारीच्या मागे सूंऽऽ आहे का ते लगेच कळतं. ताकद तपासायला पखवाज किंवा डग्ग्याची घुमारेदार मींड, नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात. ताकद कमी पडत असेल तर ‘घे’चा गोलावा जाऊन तो चपटा लागतो. मग पायरी १ मधली चिरचिरीची चाचणी जशीच्या तशी पुन्हा करा. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावून बघा, वायर बोटाने हलवून मध्येच आवाज तुटतो का बघा, आणि संगणक झोपवून जागा केल्यावर डिव्हाइस परत दिसतं का तेही. दोष असेल तर या चाचण्यांतच दिसतो. काहीच फरक जाणवला नाही आणि जुन्या जॅकची काही तक्रारही नव्हती, तर खोकं नीट बंद करून परत पाठवा.